साडीच्या कागदावरचं वर्तुळ

नव्या साडीच्या खळीचा वास आला की सुरतेतलं आमचं नवागामचं घर आठवतं. अकरावीत होते, दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या मॅडमना वर्तुळाचा आलेख दाखवायचा होता. पप्पांनी लूमच्या कारखान्यातून साडीचं डिझाइन काढायचा आलेख कागद मोठ्या हौसेने आणला होता. कॅल्क्युलेटरवर प्रत्येक बिंदू पुन्हा तपासला, आकडे बरोबर, तरी वर्तुळाचं अंडंच होई. खोडून खोडून कागद फाटायला आला. शेवटी पट्टी लावून पाहिली, तर कागदाची घरं चौरस नव्हतीच, उभट होती. "साडीला असाच लागतो गं," पप्पा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मॅडम मार्क कापतील का?" आता मीच गणित शिकवते. कुणाचं वर्तुळ लांबट आलं, की लाल पेन उचलण्याआधी विचारते, "कागद कुणी आणून दिला?"