वरच्या मजल्यावरची रंगीत तालीम

अख्ख्या कर्वेनगरात आजारपणाची इतकी जय्यत तयारी केलेला ठणठणीत माणूस दुसरा सापडायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहणारे हे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ध्यास एकच: ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर सोसायटीत कुणाची फजिती होता कामा नये. त्यासाठी ते आमच्या चक्क तालमी घेतात. मी घरून काम करते. ऐन मीटिंगमध्ये इंटरकॉम वाजतो, "बोला, काय झालंय? पेशंट शुद्धीवर आहे का? श्वास चालू आहे का?" मी "काका, जरा मीटिंग..." म्हणेपर्यंत "गेला पेशंट!" आणि फोन बंद.

पत्त्यात तर आम्ही सगळेच नापास. आज जे उभं आहे ते सांगून पत्ता देईल तो पुणेकर कसला! मीही एकदा सवयीने म्हटलं, "जुन्या गिरणीच्या बोळात." ती गिरणी पाडून तिथे मोबाइलचं दुकान झाल्याला जमाना लोटला. "अहो मॅडम," काका म्हणाले, "ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर येणार आहे, पुरातत्त्व खात्याचा अधिकारी नव्हे." वॉचमनने फाटक सताड उघडायचं, एकाने कोपऱ्यावर उभं राहायचं आणि सेक्रेटरींनी लिफ्ट खाली धरून ठेवायची. ते बिचारे लिफ्टच्या दारात पाय घालून उभे राहायचे आणि आम्ही खो खो हसायचो.

गेल्या श्रावणात एका सकाळी इंटरकॉम वाजला. "बोला, काय झालंय?" मीच आधी विचारलं. पलीकडे नुसती धाप. मग, "मॅडम... छातीत दुखतंय. दार उघडं आहे."

मी धावत वर गेले. काका आता खडखडीत बरे आहेत म्हणून हे हसत सांगतेय, पण तेव्हा ते घामाने निथळत सोफ्यावर पडले होते. मी ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे तेच सगळं विचारलं, अगदी त्याच क्रमाने. पत्त्याशी आले आणि जीभ घसरलीच, "जुन्या गिरणी..." काकांनी तशा अवस्थेतही डोळे वटारले. मी घाईघाईने मोबाइलचं दुकान सांगितलं. "ड्रायव्हर फोन करतील, फोन मोकळा ठेवा," बाई म्हणाल्या. मग मी इंटरकॉमवरून वॉचमनला आणि सेक्रेटरींना कळवलं. गाडी आली तेव्हा फाटक उघडं होतं, कोपऱ्यावर माणूस होता, लिफ्ट हजर होती. "सेक्रेटरी पास," स्ट्रेचरवरून काका पुटपुटले.

गाडीत तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना ऑक्सिजनचा मास्क लावला आणि फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, कुठली औषधं चालू आहेत, सगळं मी धडाधडा सांगितलं. या माणसाने प्रत्येक प्रश्नाची आमच्याकडून घोकंपट्टी करून घेतली होती. एक तेवढा राहून गेला होता.

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

खालच्या मजल्यावरची, हे काय नातं झालं? तेवढ्यात काकांनी मास्क बाजूला केला.

"घरातलीच आहे," ते म्हणाले. "पुढचं विचारा."