आधी त्याला उचला

माझे यजमान सडक अर्जुनीच्या बाजारातून सायकलने घरी येत होते. हायवेवर त्यांना ट्रकने उडवलं. मी आणि माझा दीर धावत पोहोचलो, तर रस्त्यावर ही गर्दी. मला वाटलं, लोक यांच्याभोवती जमलेत. पण गर्दी ट्रकवाल्याभोवती होती, त्याला मारणं चालू होतं. हे बाजूला, धानाच्या बांदीच्या, भातखाचराच्या कडेला एकटेच पडले होते. श्वास चालू होता.

मी यांचं डोकं मांडीवर घेतलं. दिराने माझ्या हातात काठी दिली. "मारा वहिनी. पहिला हात तुमचा."

ट्रकवाला रायपूरकडचा, पन्नाशीचा. तोंडातून रक्त येत होतं आणि तो हात जोडून सांगत होता, "मुझे बाद में मारो भाई, पहले उसको उठाओ." केव्हाचा सांगत होता कोण जाणे.

रागाने मी काठी घट्ट आवळली. पण मारायला उठायचं तर यांचं डोकं खाली ठेवावं लागलं असतं. ते माझ्याने झालं नाही. काठी फेकली आणि ओरडले, "सोडा त्याले! गाडी पाहा कोणी!"

जीप मिळेपर्यंत उशीर झाला. दवाखान्याच्या दारातच हे गेले. "थोडं आधी आणलं असतं तर..." एवढंच डॉक्टर बोलले.

दीर कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही. एकदा जेवता जेवता ताट सरकवलं. "त्याले कायले सोडलं वो तुमी?"

"लोक त्याले मारून राहिले होते भाऊजी, तवा तुमचा भाऊ जिता होता."

तो तसाच उठून बाहेर गेला.

पुढे मी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून पट्टी बांधायला शिकले. अपघात झाला की हायवेवरचा ढाबेवाला निरोप पाठवायचा, गाडीही द्यायचा. लोक ड्रायव्हरकडे धावत, मी जखमीकडे. पिऊन गाडी चालवणाऱ्यालाही उचललं. पट्टी बांधताना त्याच्या तोंडाचा वास आला आणि त्याला तिथेच टाकून जावंसं वाटलं. नाही गेले.

नवेगाव बांधची एक बाई नवरा वाचला म्हणून त्याला घेऊन घरी आली. तळ्यातल्या मासोळ्या आणल्या होत्या. तो लंगडत होता, हसत होता. मी चहा केला, आग्रहाने पाजला. ते गेल्यावर मात्र दार लावून घेतलं आणि खूप रडले. तिचा वाचला याचं सुख होतंच. पण माझाही वाचला असता, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.