आधी चुकीचं, मग चहा

कुंदाकाकूच्या घरी चहा फुकट मिळत नव्हता. त्यासाठी एक इंग्रजी शब्द म्हणावा लागे, अन् तोही आधी चुकीचा, मग बरोबर.

यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्यावर काकूचं घर. कॉलेजले असताना मी तिथली वरची खोली भाड्यानं घेतली होती. आम्ही कास्तकार माणसं. गावच्या शाळेत इंग्रजी म्हणजे सरांनी फळ्यावर लिहायचं अन् आम्ही उतरवून घ्यायचं, तोंडाचं काम नाही. कॉलेजात मॅडमनं मले उभं करून धडा वाचाले लावला. त्यात 'कर्नल' होता. अक्षरं दिसली तसं मी वाचलं, 'कोलोनेल'. अख्खा वर्ग खिदळला. मले असा राग आला का विचारू नका! लिहिणारे तसं लिहितात, अन् हसायचं माह्यावर? त्या दिवसापासून मी तोंडच शिवून घेतलं. हजेरीलेही नुसता हात वर. शेवटी बाबाले फोन केला, मले घेऊन जा म्हणून.

तो फोन काकूनं जिन्यातून ऐकला. सरकारी कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप करून निवृत्त झालेली बाई, आवाज खणखणीत.

"समीक्षा, खाली ये. म्हण तो शब्द. चुकीचाच म्हण, पण जोरात!"

मी ओरडली, "कोलोनेल!" काकू पोट धरून हसल्या. मग मलेही हसू फुटलं.

"आता बरोबर म्हण. कर्नल." मी म्हटलं, "कर्नल." "हं, घे चहा."

मग काकूनं सांगितलं, नोकरीत नवीन असताना साहेबापुढे त्या 'रिसीट'ले 'रिसिप्ट' म्हणाल्या होत्या. सगळे हसले अन् काकूची वाचा बसली. तेव्हा त्यांचे यजमान, दीनानाथकाका म्हणाले, "बाहेरच्यांनी हसायच्या आधी घरातच हसून घेऊ." तेव्हापासून त्या घराचा हा नेम. काका गेले तरी नेम राहिला.

अर्थही पुस्तकातला चालत नसे. "तुझ्या घरचा सांग," म्हणत. पुस्तकात 'टीडिअस' म्हणजे कंटाळवाणं. मी सांगितलं, उन्हात तुरीच्या शेंगा तोडत बसणं. 'थ्रिफ्ट', काटकसर, म्हणजे माही माय, दुसरं कोण! एकदा काकूनं कुठून तरी अडगळीतला शब्द काढला, 'गॉसमर'. हवेत तरंगणारे कोळ्याचे बारीक तंतू.

"अवो काकू, हे तं दिवाळीच्या दिवसात सकाळी आमच्या कपाशीच्या पऱ्हाटीवर असतात!"

मले असा आनंद झाला, काय सांगू! आमच्या वावरातल्या चीजेलेही इंग्रजीत नाव आहे म्हणजे ही भाषा काही अगदीच परक्याची नाही. आज पुसदच्या शाळेत मी इंग्रजी शिकवून राह्यली, ते काकूच्या त्या चहावर. हे मी कोणालेही छातीठोक सांगते.

यंदा काकूले लकव्याचा झटका आला. त्यांचा मुलगा अनिमेष पुण्याहून आला होता, त्याचाच फोन आला. "डॉक्टर म्हणतात, बोलत राहिली तर वाचा परत येईल, नाहीतर आहे तीही जाईल. आई तोंडच उघडत नाही गं."

मी पुसदहून एसटी पकडली.

घरात सगळे कुजबुजत होते. पलंगासमोर अनिमेषनं चित्रं लावली होती, पाणी, औषध, झोप. काकू नुसतं बोट दाखवत.

"शब्द वाकडे निघतात तिचे," तो हळूच म्हणाला. "तिला वाईट वाटू नये म्हणून मीच म्हटलं, राहू दे, बोटानं दाखव."

माहं डोकंच सटकलं. "अरे दादा, या घराले वाकडा शब्द नवीन आहे का? कायले तोंड बंद करून ठेवलं बाईचं?"

मी काकूसमोर बसली अन् बेंबीच्या देठापासून ओरडली, "कोलोनेल!"

काकूनं डोळे मोठे केले. कपाळावर जुनी आठी आली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"क… कल्लन."

अनिमेषनं मान खाली घातली. अन् मी हसली. चांगली मोठ्यानं हसली, त्या घरात हसायची तशी.

"हसतेस काय!" अनिमेष खेकसला.

पण पलंगावरूनही आवाज येत होता. काकू हसत होत्या. अर्ध्याच तोंडानं, पण खदखदून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अनि… च… हा," त्या म्हणाल्या.

अनिमेष डोळे पुसत आत गेला अन् तीन कप घेऊन आला. मी आपला कप उचलाले गेली, तर काकूनं लकवा न लागलेला हात पुढे करून त्यावर आडवा धरला. मले काही समजेना. काकूनं बोट वर केलं.

"आ… धी…"

बरोबर होतं त्यांचं. मी चुकीचंच म्हटलं होतं फक्त, बरोबर म्हणायचं राहिलं होतं.

"कर्नल," मी म्हटलं. अगदी नीट म्हटलं. काकूनं हात काढला.

अनिमेषनं दुसरा कप त्यांच्या ओठाशी नेला. काकूनं मान फिरवली. "क… क… कर…" त्यांनी पुन्हा सुरू केलं. चहा पार थंडगार झाला, पण आम्ही कोणीच कपाले हात लावला नाही.