डाव्या कुशीच्या मावशी

गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेलं कोणीही वॉर्डाच्या दारात दिसलं, की मावशी न सांगता डाव्या कुशीवर वळायच्या. हातातला चहाचा कप स्टुलावर ठेवायच्या, पदर नीट करायच्या, तोंड भिंतीकडे फिरवायच्या आणि श्वास सोडून थांबायच्या. एकदा माझी मैत्रीण नुसती पेन मागायला आत आली, तरी त्या वळल्या. "मावशी, मी तपासायला नाही आले," असं ती म्हणाल्यावर त्यांनी थांबवलेला श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मंग आधी सांगत जाय न बाई."

आमच्या कॉलेजात त्यांना सगळे 'डाव्या कुशीच्या मावशी' म्हणत. त्यांच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधली झडप लहानपणीच्या तापानं अरुंद झाली होती. अशा हृदयाचा एक हलका, खालच्या पट्टीतला आवाज असतो. रोग्याला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडून थांबायला सांगितलं तरच तो सापडतो. पुस्तकात त्यावर दोन पानं आहेत. पण तो आवाज पानांतून ऐकू येत नाही, त्यासाठी माणूस लागतो. म्हणून आमच्याकडे दर वर्षी शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली, की मावशींना निरोप जायचा, आणि त्या पिंपळगाव राजा या आपल्या गावाहून घाट चढून दोन दिवस आधीच दाखल व्हायच्या.

मी पुण्याची. प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीत घाटावरचं हे कॉलेज मिळालं, तेव्हा बुलढाणा नकाशात शोधावं लागलं होतं. पहिली दोन वर्षं माझा अर्धा जीव रोग्यांचं बोलणं समजून घेण्यातच गेला. पोटात 'कसंतरी' होतं म्हणजे दुखतं, जळतं की मळमळतं, हे चार वेळा विचारूनही मला उमगायचं नाही. मावशींनी पहिल्याच भेटीत "मी श्वास धरतो, तू आइक" असं म्हटलं, तेव्हा बाईमाणूस 'धरतो' कसं म्हणतं, यातच मी अडकले, आणि तोवर त्यांचा श्वास संपला.

"आलं का आइकू?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"खोटं नको बोलू. तुह्या तोंडावरूनच समजते." त्यांनी माझं मनगट धरलं आणि स्टेथोस्कोप दोन बोटं खाली, किंचित बाहेरच्या अंगाला सरकवला. "दाबू नको. दाबलं का जाते थो आवाज. नुसता टेकव."

मी नुसता टेकवला. लांबच्या शेतात कोणीतरी ट्रॅक्टर चालू करून ठेवावा, तशी बारीक घरघर आली. माझ्या आयुष्यात ऐकलेला तो पहिला आजार. मी इतकी हरखले, की मावशींना "थँक्यू" म्हणाले. त्यांनी मान हलवली, जसं काही त्यांनी मला पाणी दिलं होतं.

त्यांचं घर माळ्यांचं, भाजीपाल्याचं. दोन एकरांत वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर. नवरा अबोल होता. यायचा, डबा ठेवून जायचा. लेक धामणगाव बढ्याला दिलेली. त्या स्वतः सातवी शिकलेल्या, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आपले सगळे कागद त्या प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून आणायच्या आणि कोणी मागितले, की पिशवीच पुढे करायच्या. परीक्षेच्या दिवशी मात्र त्यांचं वागणं मला बुचकळ्यात टाकायचं. सकाळी सहाला अंघोळ, तेल लावून चापून बांधलेली वेणी, घडी मोडलेलं लुगडं. सकाळचा चहासुद्धा नको म्हणायच्या. "आज पेपर हाये," असं म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाईला दटावायच्या, "हळू बोल."

बाहेरगावचे परीक्षक आत आले, की मावशींचा चेहरा आमच्यापेक्षाही उतरलेला असायचा. परीक्षा संपली, मुलं घरी गेली, तरी त्या वॉर्डाच्या पायऱ्यांवर पिशवी घेऊन बसून राहायच्या.

"मावशी, गाडी नाही का मिळाली?"

"आहे न गाडी. निकाल कवा लागन?"

"लागेल, महिना-दीड महिन्यानं."

"बरं. चिठ्ठी येईन न?"

आम्हाला वाटायचं, किती जीव आहे या बाईचा आमच्यावर. आमच्या निकालाची चिठ्ठी त्यांना कशाला हवी, हा प्रश्न मला पडला होता. पण खेड्यातल्या माणसांच्या बोलण्यातलं निम्मं आपल्याला कळत नाही, याची एव्हाना मला सवय झाली होती. तिथेच मी तो प्रश्न सोडून दिला.

आमच्या विभागाचे प्रमुख, सर, मोठे शिकवणारे. राउंडला मावशींच्या खाटेशी आले, की त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "या बाईंनी जेवढे डॉक्टर घडवलेत, तेवढे मी नाही घडवले," असं ते आम्हाला सांगायचे आणि मावशींना नमस्कार करायचे. मावशी लाजून उठून बसायच्या. या आजारावर उपाय आहे, हेही सरांनीच शिकवलं. पायाच्या शिरेतून नळी नेऊन फुग्यानं झडप मोकळी करतात. सरकारी योजनेत होतं, दोन-तीन दिवसांत माणूस घरी येतो.

"मग मावशींचं का नाही केलं, सर?" एकानं विचारलं होतं.

"त्या तयार नाहीत," सर म्हणाले. "दर वर्षी लिहिलेलं आहे."

खरंच लिहिलेलं होतं. त्यांच्या प्रत्येक कार्डावर खाली एक मराठी ओळ असायची: 'फुग्याच्या ऑपरेशनसाठी रुग्ण तयार नाही.' त्यांचं केसपत्र तयार करताना मी मागच्या वर्षीचं कार्ड समोर ठेवलं होतं. तरी खात्री करावी म्हणून मी विचारलं, "मावशी, तुम्ही ऑपरेशनला तयार नाही ना?"

त्या जरा खाली बघून म्हणाल्या, "नाही न वं. अजून नाही."

मी ओळ उतरवली.

दोनच दिवसांनी माझ्या परीक्षेत चिठ्ठी निघाली ती मावशींच्या खाटेची. मला सुटल्यासारखं झालं. त्यांनी मला पाहिलं, डोळ्यांनीच धीर दिला आणि वळल्या. परीक्षक उंच, कोरड्या स्वभावाचे होते. त्यांनी स्वतः ऐकलं, मला विचारलं, मी सांगितलं. "उपचार का झाला नाही?" असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. "रुग्ण तयार नाही," मी इंग्रजीत उत्तर दिलं. ते मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे वळले. मावशी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होत्या.

ते गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "काय म्हणे थो मोठा डाक्टर? जमलं का औंदा?"

"जमलं, मावशी. एकदम छान जमलं."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. त्या दिवशी त्या पायऱ्यांवर थांबल्या नाहीत. पहिल्या गाडीनं घरी गेल्या.

पास होऊन मी तिथेच इंटर्नशिपला राहिले. सात-आठ महिने गेले असतील. एका दुपारी अॅम्ब्युलन्समधून एक बाई आली, बसलेली, पुढे वाकलेली, ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस. मी ऑक्सिजनचा मास्क लावायला वाकले, तेव्हा ओळखलं. सवयीनं छातीवर स्टेथोस्कोप टेकवला. ती माझ्या कौतुकाची घरघर कुठेच नव्हती; छातीभर नुसतं पाणी बुडबुडत होतं. ते पाणी अडलेल्या त्या झडपेमागे साठत आलेलं होतं, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि समोर बघणं यात किती अंतर असतं, ते त्या दुपारी कळलं. सर स्वतः धावत आले. इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत श्वास खाली बसला.

तिसऱ्या दिवशी मावशी बोलायला लागल्या. मी नाडी बघत होते. त्यांनी हात काढून घेतला.

"तू तं म्हणे जमलं."

"काय जमलं, मावशी?"

"परीक्षा. तूच म्हणे छान जमलं. मंग चिठ्ठी काऊन नाही आली आप्रेशनची? म्या सांभार लावलं नाही औंदा. म्हटलं, आता बोलावतीन."

मला खरोखर काही समजेना. मी स्टूल ओढून बसले आणि एकेक विचारत गेले, आणि त्या एकेक सांगत गेल्या, जरा चिडून, जसं मठ्ठ पोरीला सांगावं. दर वर्षी बाहेरगावचे मोठे डाक्टर येतात. ते छाती तपासतात. आप्रेशनसाठी माणूस तयार झालं का नाही, ते ठरवतात. कार्डावर लिहून देतात. सातवी शिकल्या होत्या त्या, वाचत होत्या: रुग्ण तयार नाही.

"वांगंबी तयार नसलं तं आम्ही तोडत नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तसंच असन. म्हून तं दरसाली चांगला श्वास धरून दाखवत होतो. घरी बी करून पाहत होतो. पण दरसाली लिहिलेलं तेच. नापास."

मी त्यांची पिशवी मागून घेतली आणि सरांच्या खोलीत गेले. आम्ही कागद टेबलावर पसरले. सात वर्षांची कार्डं, सात वेगवेगळी अक्षरं, ओळ एकच. फक्त सगळ्यात खालचं, पहिलं कार्ड वेगळं होतं, केव्हाच बदली होऊन गेलेल्या कुणा डॉक्टरचं. त्यावर लिहिलं होतं, 'घरी विचारून सांगते म्हणतात. तूर्त तयार नाही.' पुढच्या वर्षी उतरवताना कोणीतरी घरचं वाक्य गाळलं होतं आणि 'तूर्त'ही. सगळ्यात वरचं अक्षर माझं होतं.

सरांनी चष्मा काढला. "मी दर वर्षी त्यांना नमस्कार करायचो," ते म्हणाले. मग त्यांनी फोन उचलून नागपूरला लावला.

मी खाटेशी परत आले. सांगणं भागच होतं. "मावशी, ती परीक्षा तुमची नव्हती. आमची होती. आम्हाला येतं का, ते बघायला ते डॉक्टर येत होते. तुम्ही कधीच नापास नव्हता. तुम्हाला पहिल्या वर्षीच ऑपरेशन करता आलं असतं, तुम्ही हो म्हणायचा अवकाश होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावतील, रडतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"तुमची होती?"

"हो."

"मंग तू पास झाली का?"

"झाले."

"आन थे बाकीचे पोट्टे? सातही सालचे?"

"बहुतेक सगळे."

"हाव," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. तो 'हाव', म्हणजे 'हो', समाधानाचा होता, थकल्याचा होता की मला आता जा म्हणून सांगणारा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढे व्हॉट्सॅपवर आमच्या बॅचला सगळं लिहिताना त्याचं काय करायचं, हेही कळलं नाही. मी तो शब्द तसाच लिहिला.

नागपूरला फुगा घातला, नीट झालं. सर स्वतः बरोबर गेले होते. त्या वर्षी परीक्षेला मावशींना निरोप गेला नाही.

इंटर्नशिप संपली, पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी पिंपळगाव राजाला गेले. काय बोलायचं, ते बसमध्ये जुळवून ठेवलं होतं. माफी मागायची होती, पण कशाची, ते नेमकं वाक्यात बसत नव्हतं. उतरवलेल्या ओळीची? की 'अजून नाही' मधला 'अजून' न ऐकल्याची? मावशी शेतात होत्या. मला पाहून त्यांनी हसून हात केला. कंबरेवर वांग्यांचं टोपलं होतं, आणि त्या बांधावरून इतक्या झपाझप चालत होत्या, की मागे जाताना मलाच दम लागला. त्या चालता चालता बोलत होत्या, मध्ये न थांबता: मेथीला कीड लागली, जावयानं विहिरीवरची मोटार बदलली, लेकीला दिवस गेले. माझं जुळवलेलं वाक्य घुसवायला फट मिळेना.

शेजारच्या वावरातली एक म्हातारी निंदण थांबवून बघत होती. "कोन वं ही?"

"माही डाक्टरीन हाये," मावशी म्हणाल्या. "म्याच शिकवली इले."

"काय शिकवलं?"

मावशींनी एकवार माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती की दुसरं काही, ते मी अजूनही सांगू शकत नाही.

"थे तिलेच इचार," त्या म्हणाल्या.

म्हातारी खुरपं हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत राहिली. मावशी तोवर टोपलं सावरत पुढच्या वाफ्यात पोचल्या होत्या.