एवढा बॅनर होऊ दे

"ए ग्रॅज्युएट, जरा इकडं ये. काम न्हाई, नुसतं बघायचंय."

मधल्या पत्र्यावर थाप पडायची आणि पाठोपाठ हे वाक्य. मिरजगावात हायवेला लागून आमचे दोन गाळे होते. एकात मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचे, शेजारच्यात दादा फ्लेक्स बॅनरची डिझाइन करायचा. दादा माझा नात्यातला नाही, सगळे म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. त्यामुळे 'ग्रॅज्युएट' हे चिडवणं आहे हे कळूनही मला ते आवडायचं. पदवीचं सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून गाळ्यात लावलं होतं. ते बघून दादा म्हणाला होता, "पदवी झ्याक हाय. पर अक्षर लई बेकार निवडलंय." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते.

बघायचं काय असायचं? जपानी काडेपेटीवरचा कोंबडा. इराणातल्या कुठल्या तरी दुकानाची पाटी. घोडेगावच्या बाजारात बैलाच्या शिंगावर मालकानं ऑइलपेंटनं लिहिलेलं नाव. इंटरनेटवरचं आणि बाजारातलं तो शेजारीशेजारी लावून बघत बसायचा. कॉम्प्युटरवर त्याचा एक फोल्डर होता, 'सापडलेलं' नावाचा.

"दादा, हे इराणचं तुला वाचता येतं का?"

"न्हाई ना. वाचता येत न्हाई म्हनून तर नीट दिसतंय."

पोटाचं काम मात्र वाढदिवस, निवड आणि दशक्रिया. वर पुढारी, मधोमध ज्याचा वाढदिवस तो, खाली शुभेच्छुकांच्या रांगा. तुम्हीही चौकात असे बॅनर बघितले असतील आणि हसला असाल. मीही हसायचे. पण त्या रांगा लावणं सोपं नाही. कोणाचा फोटो कोणाच्या वर, कोणाचा बांधावरून वाद, कोणाचं चुलत्याशी बोलणं बंद, हे सगळं दादाच्या डोक्यात. एकदा तो तापानं पडला म्हणून बॅनर दुसऱ्याकडून करून घेतला. आजी उपसरपंच माजी उपसरपंचाच्या खाली गेले. सकाळी लावलेला बॅनर दुपारी फाडला गेला.

दादाच्या मनासारखा बॅनर माझ्या आठवणीत एकच. एका म्हातारबाबांच्या दहाव्याचा. लहानसा फोटो, खाली नाव, बाकी सगळी जागा पांढरी. मला तो फार आवडला. बाबांचा जावई आला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "शाई संपली का काय?"

"न्हाई पाव्हनं, मुद्दाम सोडलीय जागा."

"आरं, आमचं सगळं घरदार बसलं असतं की हितं!"

आणि बसवलं. एकूण बावीस माणसं.

फ्लेक्सचं दुकान अण्णाचं, म्हणजे दादाच्या थोरल्या भावाचं. वडील लवकर गेल्यावर अण्णानंच दादाला वाढवलं होतं. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला तर माझाही मागवायचा.

शिंगांवरच्या त्या अक्षरांवरून दादानं सगळी बाराखडी काढली आणि इंटरनेटवर टाकली. महिन्याभरात पुण्याच्या एका स्टुडिओतून इंग्रजीत मेल आला. अक्षरं, म्हणजे फॉन्ट, बनवणं हाच त्यांचा धंदा. मी मेल वाचून अर्थ सांगितला: तीन महिने आमच्याकडे येऊन काम करा, जमलं तर कायमचं. दादा उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अण्णा काय म्हणाला?"

"म्हनला, जा की! एवढा उपसरपंचाच्या वाढदिवसाचा बॅनर होऊ दे, मग जा."

पंधरा दिवसांनी येतो, असा मेल मी लिहिला. चांगला लिहिला, इंग्रजीत मला फर्स्ट क्लास होता. वाढदिवस झाला तर अण्णाच्या सोयऱ्यांत दहावा निघाला. एवढा बॅनर होऊ दे. मग गणपती. एवढे होऊ दे. मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि अण्णाच पॅनेल घेऊन उभा राहिला.

"दादा, आता मी मेल लिहिणार नाही," मी म्हणाले. "बॅग उचल आणि एसटीत बस."

"आन् पॅनेलचं? वरची आळी न् खालची आळी एका बॅनरवर आनायचीय. कोन बसवील त्यांना?"

"ज्याला गरज असेल तो बसवील."

"भांडनं लागतील गं."

"लागू दे!"

तो हसला. "तुझं बरं हाय. फॉर्म भरला की तुझं काम संपतं."

मला ते लागलं. त्या रागातच मी मुदत मागणारा चौथा मेल लिहिला, पहिल्या तीनपेक्षा चांगला. आजही वाटतं, वाईट लिहिला असता, किंवा लिहिलाच नसता, तर थांबायला सबब उरली नसती आणि त्याला जावं लागलं असतं.

आठवड्यानं उत्तर आलं. त्यांनी दुसरं माणूस घेतलं होतं. मी दादाच्या गाळ्यात जाऊन सांगितलं. तो एका उमेदवाराच्या फोटोतली मिशी काळी करत होता.

"रागानं लिवलंय का?"

"नाही. चांगल्या शब्दांत लिहिलंय."

"मग बरं हाय," म्हणाला आणि दुसऱ्या बाजूची मिशी काळी करायला घेतली.

पुढे मला नगरला नोकरी लागली. मध्ये एकदा एसटीनं जाताना गाडी मिरजगावला थांबली. समोर अण्णा सरपंच झाल्याचा भलामोठा बॅनर. सवयीनं मी रांगा वाचायला लागले. खालच्या रांगेत डावीकडे वरची आळी, उजवीकडे खालची आळी, आणि ज्या दोन माणसांना एकमेकांशेजारी ठेवता येत नाही त्यांच्या बरोबर मधे दादा. मी तिथं असताना त्यानं स्वतःचा फोटो कधी, कशावरच टाकला नव्हता.

फ्लेक्सवाल्यांकडे एक तयार धड असतं. पांढरा शर्ट, खिशाला पेन. ज्याचा फोटो नीट नसेल त्याचं डोकं त्यावर बसवतात. दादानं स्वतःचं डोकं त्याच्यावर बसवलं होतं. खिडकीतून मान बाहेर काढून मी गळ्यापाशी जोड शोधत राहिले. गाडी सुटेपर्यंत सापडला नाही.