एका लॅपटॉपवरच्या दोन मुलाखती

बी.एस्सी. झाल्यावर दीड वर्ष मी घरीच होते. त्या काळात पुण्यातल्या एका कंपनीने ज्युनिअर अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी मला आणि माझ्या मैत्रिणीला एकाच दिवशी ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. माझी वेळ अकराची, तिची बाराची. लॅपटॉप मात्र एकच होता, तोही तिचा. तिच्या वडिलांचं नागभीडला शिलाईचं दुकान. त्यांनी तो जुनाच विकत घेतला होता. एक्सेलमधलं मला जे काही येत होतं, ते तिनेच त्यावर शिकवलेलं.

आमच्या गावात नेटवर्क धड मिळत नाही. म्हणून सकाळच्या बसने मी तिच्या घरी गेले. तिच्या अम्मीने आतली खोली रिकामी करून दिली, मागच्या भिंतीवर स्वच्छ चादर टांगली.

"तू बस पहिले. घाबरू नको, मी बाहेरच आहो," मैत्रीण म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

पडद्यावर दोघं होते, एक साहेब आणि एक मॅडम. मॅडमनी विचारलं, "गडचिरोली तुमच्या जवळच ना? मग तिथे राहायला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात राहतो. त्या हसल्या. मग त्यांनी एक शीट पाठवली. वेगवेगळ्या दुकानांची वर्षभराची विक्री होती. ती कुठे आणि कशामुळे घटली, ते शोधायचं होतं. मी बराच वेळ आकडे वर-खाली करत राहिले. मग दिसलं, की दोन महिन्यांच्या नोंदी दोनदा पडल्या आहेत. विक्री घटलेलीच नव्हती, आधीचे महिने फुगलेले होते.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "हे आतापर्यंत कोणी पकडलं नव्हतं. अजून वीस मिनिटं देऊ शकाल? हेच आम्हाला नीट मांडून दाखवा."

पडद्याच्या कोपऱ्यात बाराला चार मिनिटं कमी होती. बाहेर मैत्रिणीच्या पावलांचा आवाज येत होता. माझ्या मैत्रिणीची मुलाखत याच लॅपटॉपवर आहे, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, "हो सर."

मी बाहेर आले तेव्हा साडेबारा होत आले होते. ती ओसरीत मोबाइल धरून बसली होती. ठरलेल्या वेळी ती मोबाइलवरून जोडली गेली होती. पलीकडे कंपनीचे दुसरेच दोघं होते, पण त्यांनी पाठवलेली शीट मोबाइलवर उघडेना. लॅपटॉपशिवाय चाचणी घेता येणार नाही, नवीन वेळ मेलने कळवू, असं तिला सांगून त्यांनी कॉल बंद केला होता.

"तू दार काऊन नाई वाजवलं?" मी विचारलं.

"तू चांगली बोलून राह्यली होती. मले वाटलं, एकीची तरी नोकरी लागन."

अम्मीने जेवायला वाढलं. मैत्रिणीने नेहमीसारखं माझ्या ताटात लिंबू पिळलं.

तिला मेल आलाच नाही. मला आठ दिवसांनी आला: माझी निवड झालेली नव्हती, आणि कारण दिलेलं नव्हतं. मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे, दुसरी मुलाखत येईल."

दुसरी आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती बल्लारपूरला गेली. मी आता गडचिरोलीत एका कार्यालयात कंत्राटावर माहिती भरते. मध्यंतरी ती बसस्टँडवर भेटली, कडेवर मुलगी होती. घरच्यांची विचारपूस झाली. मग तिने सहज विचारलं, "त्या दिवशी तुले बारा वाजल्याचं समजलंच नसंन ना?"

मी म्हणाले, "नाई."

तिने मान हलवली. तिची बस लागली होती, ती चढली.