दुपारची कॉमेंट्री

२०१४ साली माझं लग्न झालं तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. माहेर तलासरी तालुक्यातल्या झरीचं, सासर डहाणूच्या किनाऱ्याकडचं, चिकूच्या वाडीतलं. माहेरी माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. लग्नानंतर परीक्षेचं काय, असा विषय सासरी निघाला तेव्हा सगळ्यांनी विचारलं, शिकून करायचंय काय. सासरे तेवढे म्हणाले, "फॉर्म भरलाय ना? मग पेपर द्यायचे." प्रत्येक पेपरला ते मला स्कूटरवरून सोडायला आले आणि तीन तास फाटकाबाहेर बसून राहिले. पुढचं सगळं सांगण्याआधी हे सांगायला हवं, कारण या उपकाराचं ओझं नसतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. तरुणपणी ते मुंबईत गोदीत कामाला होते आणि तिथल्या एका क्लबात बॉक्सिंग खेळायचे. त्यांचं नाक डावीकडे थोडं वाकलेलं आहे. त्याबद्दल कोणी विचारलं तर त्यांना आनंदच व्हायचा. २०१६च्या पावसाळ्यात त्यांना पक्षाघात झाला आणि शरीराची डावी बाजू गेली. फोनवरचं इंटरनेट स्वस्त झालं तेही त्याच सुमारास. माझे यजमान वापीच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. एका सुट्टीला त्यांनी बाबांना फोनवर जुन्या लढती काढून दिल्या. तरुणपणी ज्यांची वर्णनं बाबांनी फक्त पेपरात वाचली होती, ते सगळे ठोसे आता त्यांच्या खाटेवर पडू लागले.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे खाटेभोवती जमलो होतो. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता. कॉमेंट्री इंग्रजीत, ती पण खरखरणारी आणि भलत्याच वेगाची. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, काय म्हणतोय तो गोरा?"

मला इंग्रजी लिहिता यायचं, छापलेलं वाचता यायचं. पण आमच्या कॉलेजात इंग्रजीसुद्धा मराठीतूनच शिकवायचे. त्या गोऱ्याच्या बोलण्यातले मला मोजून चार शब्द कळले होते. खाटेच्या पायथ्याशी सासूबाई, दारात शेजारीण, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. घरातली पहिली पदवीधर बाई. मी म्हणाले, "म्हणतो, हा डाव्या हातावर फार भर देतोय."

"बघ!" बाबा सासूबाईंना म्हणाले. "मी मघाशी काय म्हणालो? आणि तुम्ही विचारत होतात, शिकून करायचंय काय!"

तिथे मी अडकले.

त्यानंतर रोज दुपारी तीन वाजता, जेवणं आणि भांडी झाली की, मला खाटेशेजारच्या स्टुलावर बसावं लागे. बाबांचे एक मित्र, धाकट्या डहाणूचे काका, बहुतेक दिवशी यायचे. पूर्वी ते मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. बॉक्सिंगमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण बाबांशी वाद घालायला त्यांना आवडायचं. वाद विकोपाला गेला की दोघं माझ्याकडे बघत आणि गोऱ्याचं मत विचारत.

ते मत मी कुठून आणत होते, हे आता सांगते. बाबांचा उजवा हात चादरीखाली असायचा. लढत रंगात आली की त्या हाताची मूठ वळायची, चादर हलायची. ती हलली की मी म्हणायचे, "म्हणतो, आता उजवा येणार." बहुतेक वेळा यायचा. म्हणजे बाबांच्याच मनातलं मी बाबांना गोऱ्याच्या नावानं ऐकवत होते. काका थक्क व्हायचे. "काय पण माणूस आहे! होण्याआधीच सांगतो."

पुढे पुढे लक्षात आलं, की गोरा नेहमीच पटण्यासारखं बोलला तर बाबा लवकर झोपी जातात. तो चुकीचं बोलला, की भांडायला उठून बसतात. डॉक्टरांनी तर त्यांना बसतं ठेवायला सांगितलं होतं. मग मी गोऱ्याला चुका करायला लावलं. पण हळूहळू माझंच काहीतरी त्याच्या तोंडून बाहेर पडू लागलं.

एक लढत आम्ही कितीतरी वेळा पाहिली. एक जण राउंडमागून राउंड दोरांना टेकून मार खात राहतो, आणि आठव्या राउंडला समोरच्याला आडवा करतो. बाबांची ती सर्वांत आवडती. पाचव्या राउंडला एकदा बाबांनी विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो, हा बाहेर का येत नाही? किती दिवस असा टेकून राहणार?"

"दिवस?" काका हसले. "अरे, पंधरा मिनिटं झाली असतील फार तर."

"गाढव आहे तो," बाबा म्हणाले. "दोर आहेत म्हणून उभा आहे हा. दोर सोडले तर पडेल. सांग त्याला."

"त्याला कसं सांगू, बाबा?" मी विचारलं. ते हसले. मला हसता आलं नाही. तोपर्यंत लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पदवीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटाच्या वरच्या फळीवर होता. त्या पदवीचा माझ्याकडून होणारा उपयोग एवढाच होता, रोज दुपारी दीड-दोन तास. आणि तोही खोटा.

२०१९ साली तलासरीच्या एका कॉलेजमधून पत्र आलं. ग्रंथालयात सहायकाची जागा होती. मी अर्ज घरात सांगून केला होता, पण नोकरी लागेल असं कोणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. यजमान म्हणाले, "माझी काही हरकत नाही, बाबांना विचार." सासूबाई म्हणाल्या, "जेवणखाण मी बघेन गं, तू यांना विचार." मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ही लढत संपू दे."

ती संपली. त्यांनी दुसरी लावायला सांगितली. दुसऱ्या दिवशीही तेच. "बाबा, पत्राचं..." असं म्हटलं की, "हो हो, हा राउंड होऊ दे." नाही म्हणाले असते तर मी रडले तरी असते. ते नाहीही म्हणत नव्हते. गुरुवार झाला, शुक्रवार झाला. ज्या माणसानं मला पेपरला नेलं, त्याला न विचारता निघून जायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. आणि विचारून उत्तर मिळत नव्हतं.

शनिवारी काका आले नव्हते. मी फोन हातात घेतला आणि लढत मध्येच थांबवली. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

"बाबा, मी सोमवारी जाऊ का?"

त्यांनी नजर फोनवरून छताकडे नेली. मग म्हणाले, "तू गेल्यावर तो काय म्हणतो ते मला कोण सांगणार? घरात दुसऱ्या कोणाला येतं?"

इतके दिवस अडलेलं ते इथे अडलं होतं. आता मला दोनच गोष्टी करता येत होत्या. गप्प बसून त्यांच्या नजरेत हुशार राहायचं आणि घरी थांबायचं, किंवा खरं सांगायचं. खरं सांगितलं तर त्या फाटकाबाहेर बसलेल्या तासांचं काय, हेच मनात येत होतं.

"बाबा, मला कळत नाही तो काय म्हणतो ते. पहिल्या दिवसापासून नाही कळत. मी मनानं सांगायचे."

"म्हणजे?"

"तुमच्या हाताकडे बघून सांगायचे. आणि कधी कधी माझ्या मनातलं."

त्यांनी फोन पुन्हा चालू करायला लावला. "आता खरं सांग. काय काय कळतं?"

मी कान देऊन ऐकलं. "लेफ्ट. राइट. रोप्स. आणि ओ माय गॉड."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढं तर मलाही कळतं!" ते ओरडले. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. बाबांचा चेहरा लाल झाला होता. मला भीती वाटली, यांना पुन्हा काही व्हायचं. "तीन वर्षं," ते म्हणाले, "तीन वर्षं त्या माणसाला मी शिव्या घालतोय. मग मी भांडलो कोणाशी?"

"माझ्याशी," मी म्हणाले.

"ओरडायला काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

रविवारभर ते माझ्याशी बोलले नाहीत. चहा सासूबाईंच्या हातून घेतला. काका आले तेव्हा "डोकं दुखतंय" म्हणून त्यांना परत पाठवलं. सोमवारी सकाळी मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी उजवा पाय चादरीत ओढून घेतला. डावा त्यांना ओढता येत नव्हता. मी त्याच पायाला हात लावला आणि निघाले.

डहाणू रोडहून तलासरीची एसटी धरली. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी चोरून कुठेतरी निघाल्यासारखी खिडकीला चिकटून बसले होते. ग्रंथालयात दिवसभर पुस्तकांना नंबरांच्या चिठ्ठ्या लावल्या. तीन वाजले तेव्हा हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा जागे होते. पाय धुऊन त्यांना पाणी दिलं. तांब्या खाली ठेवत ते म्हणाले, "आज आवाज बंद करून पाहिलं."

"मग?"

"काही मजा नाही. चूक म्हणणारं कोणी नव्हतं." मग म्हणाले, "तो तांडेल आला होता, पण आज सगळ्यालाच हो म्हणाला. काल डोकं दुखतंय म्हणालो ना मी."

"रविवारी मला सुट्टी असते, बाबा."

"ये. पण त्या गोऱ्याला मध्ये घालायचं नाही. तुला वाटेल ते तू म्हणायचं."

रविवारी मी स्टुलावर बसले. बाबांनी मूठ मुद्दाम चादरीबाहेर काढून उशीखाली सरकवली, म्हणजे मला दिसू नये. लढत सुरू झाली. पहिला राउंड गेला, दुसरा गेला. पदवी घेऊन इतकी वर्षं झाली होती आणि स्वतःच्या तोंडानं एक वाक्य सुचत नव्हतं. चौथाही गेला. बाबांनी फोन थांबवला नाही, आणि मला बोलायची घाईही केली नाही.